अर्धी मात्रा आधी

१

माझा कान चुकत नाही. ही फुशारकी आहे हे मलाही कळतं, पण ती कमावलेली फुशारकी आहे. छत्तीस वर्षं मी वृत्तं शिकवते आहे. माझ्या आधी वडील हाच वर्ग चालवत आणि त्यांच्या आधी आजोबा. घराच्या माडीवरची खोली तीच, लांब टेबल तेच. टेबलाची माझ्या बाजूची कड तीन पिढ्यांच्या तळव्यांनी गुळगुळीत झाली आहे. नवा विद्यार्थी आला की मी त्याला आधी तिथून हात फिरवायला लावते, म्हणजे आपण कुठे आलो आहोत हे त्याला कळतं.

शिकवायची पद्धतही घरचीच. लघु अक्षर, म्हणजे आखूड, एका मात्रेचं, एका बोटाच्या टकटकीनं. गुरू, म्हणजे लांब, तळव्यानं. आणि यती आली, म्हणजे ओळीच्या मध्येच थांबायची जागा आली, की हात वर. हात वर असेपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. सकाळी आठला अकरा जण टेबलाभोवती बसतात. त्यांत कॉलेजची पोरं आहेत, एक निवृत्त परिचारिका आहे आणि कोपऱ्यावरचा औषधवालाही आहे. त्याला साठाव्या वर्षी कविता लिहायची हौस आली. अकरा हात एकदम टेबलावर पडतात आणि एकदम वर जातात. एखादा हात केसभर मागे राहिला तरी तो कुणाचा हे मी डोळे मिटून सांगते.

नवशिक्यांना वाटतं, वृत्त अक्षरांत असतं. ते थांबण्यात असतं, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. चुकीच्या जागी शब्द घालणाऱ्याला मी माफ करते, पण चुकीच्या जागी थांबणाऱ्याला नाही. पोरं मागून मला 'हेडकॉन्स्टेबल' म्हणतात. मला ते आवडतं, पण मी तसं दाखवत नाही.

२

माझी लेक, घरात आम्ही तिला बयो म्हणतो, सव्वीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा हुशार आहे. हे मी तिच्यासमोर कधी म्हटलेलं नाही. कुठलीही कविता तिच्यापुढे टाका, पाच मिनिटांत तिचा नकाशा कागदावर तयार असतो: गण कुठले, यती कुठे, उपमा कुठे, कवीनं कुठे मात्रा चोरली. कागदावर तिच्यासारखी माणसं मी फार पाहिली नाहीत.

बोलायला लागली की मात्र गाडी अडते. पाचव्या वर्षापासून ती तोतरी बोलते. वाक्याचं पहिलं अक्षर घशात रुतून बसतं, मानेवरची शीर फुगते आणि समोरचा माणूस दयेनं तिचं वाक्य पुरं करतो. त्या दयेचा मला भयंकर राग येतो. शाळेत पोरं तिला 'टाइपरायटर' म्हणायची. एकदा मी शाळेत जाऊन त्यातल्या दोघांच्या आयांशी भांडून आले होते.

घरच्या वर्गाखेरीज मी, वडिलांसारखीच, गावातल्या संस्थेतही शिकवते, आणि या वर्षाअखेर तिथून निवृत्त होणार. माझ्या जागी कोण, हे समिती ठरवणार, आणि उमेदवारानं समितीपुढे एक पाठ द्यायचा. बयोनं अर्ज केला. मला न विचारता केला, हे विशेष. अर्जाची प्रत टेबलावर ठेवून ती म्हणाली, "आ-आ-आई, मला ह-हवंय." एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. मी मध्ये एक शब्द घातला नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. ही जागा तिला मिळालीच पाहिजे आणि तिच्या स्वतःच्या तोंडानं मिळाली पाहिजे.

एक गोष्ट मला तिच्या लहानपणापासून माहीत होती. वर्गात सगळ्यांबरोबर म्हणताना ती कधीच अडत नसे. दुसरा आवाज सोबत असला की तिची जीभ मोकळी होई. मग मी तिला एक युक्ती शिकवली. तशी युक्ती माझ्यासारखीलाच सुचणार, कारण आम्ही थांबण्यातच मुरलेली माणसं. मी म्हटलं, "यती आली की थांब. घाई करू नकोस. असं समज, कुणीतरी तुझ्या अर्धी मात्रा आधी पुढचा शब्द म्हणतंय. तू त्याच्या मागून जायचंस, बस."

ते कुणीतरी म्हणजे सुरुवातीला मीच होते. तिच्यासमोर बसून मी कुजबुजायचे आणि ती मागून मोकळी म्हणायची. दोन आठवड्यांनी मी खुर्ची दाराबाहेर नेली. मग पॅसेजमध्ये. मग जिन्यावर. माझी कुजबूज तिच्यापर्यंत पोचत नसणार अशा जागी बसूनही मी इमानदारीनं कुजबुजत राहिले, आणि ती बोलत राहिली.

३

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी वर्ग सुटल्यावर बयो वरच्या खोलीत सरावाला बसली. मी तिला न सांगता भाजी आणायला गेले. मुद्दामच गेले. परत आले तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवरच तिचा आवाज कानावर आला. मंदाक्रांता म्हणत होती. फार मानी वृत्त आहे ते. चार गुरू, थांबा. पाच लघू धावत, एक गुरू, पुन्हा थांबा. मग उरलेली सात अक्षरं. एका ओळीत दोनदा थांबायचं, म्हणजे बयोसाठी दोनदा खड्डा. ती दोन्ही खड्डे अलगद ओलांडत होती. एकदाही अडली नाही.

हातात पिशवी घेऊन मी पायरीवरच बसले आणि पदराला डोळे पुसले. छत्तीस वर्षांत कित्येकांना मोठं केलं असेल, पण असा अभिमान कधी वाटला नव्हता. आमचे हे खाली पेपर वाचत होते. त्यांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्यानं सोयीपुरतं येतं. मी म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

"तूच ऐकायला आलीस म्हणजे चांगलंच असणार," ते म्हणाले आणि पान उलटलं.

मग बयो खाली आली. चेहरा उजळलेला. न अडता म्हणाली, "आई, आज तू फार छान पुढून सांगितलंस."

माझ्या हातात भाजीची पिशवी होती. तिनं ती पाहिलीही असेल, पण तिच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, युक्ती तिच्या मनात पक्की बसली आहे, तिला आता मी नसतानाही माझी कुजबूज ऐकू येते. हेच तर मला हवं होतं. खरं सांगितलं तर ती बिचकेल आणि पुन्हा अडेल, अशी भीतीही वाटली.

"तू छान म्हटलंस," एवढंच मी बोलले. माझी चूक इथे झाली.

४

पुढच्याच आठवड्यात मी पॅसेजमध्ये बसून वह्या तपासत होते. दार लोटलेलं होतं. बयो आत म्हणत होती आणि मी गप्प होते. कुजबुजणं मी सोडून दिलं होतं.

चार गुरू झाले. यती. त्या शांततेत मला पुढचे शब्द ऐकू आले, अगदी हलक्या आवाजात. मग बयोनं तेच शब्द खणखणीत म्हटले.

आधी मला वाटलं, प्रतिध्वनी. ती खोली उंच आहे, फर्निचर कमी, घुमतं. मी खाली मान घालून पुढच्या वहीवर खूण केली, आणि माझा हात थांबला. प्रतिध्वनी नंतर येतो. हा आधी येत होता.

मग मी मोजलं. माझं कामच ते. दर यतीला तीच गोष्ट, शब्दाच्या अर्धी मात्रा आधी, ना कमी ना जास्त. माझ्या अकरा विद्यार्थ्यांपैकी एकालाही इतका नेमका हात जमलेला नाही. आवाज बयोचा नव्हता. माझाही नव्हता, जरी ऐकणाऱ्याला माझा वाटावा असा होता. आणि त्यात श्वास नव्हता. माणूस कुजबुजला की शब्दाच्या आधी श्वासाची बारीक सळसळ येते. इथे सरळ शब्दच येत होता. या गोष्टीनं मला थोडा धीरच आला. श्वास नाही म्हणजे माणूस नाही, म्हणजे नळातली हवा, खिडकीची फट, काहीही असेल, असं मी मनाला समजावलं. नळातली हवा मंदाक्रांता कशी म्हणेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

मी दार ढकललं. बयो टेबलाशी एकटी उभी होती, हात वर, यतीवर. माझ्याकडे पाहून हसली आणि पुढचे शब्द म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर औषधवाला मागे रेंगाळला. "बाई, काल छत्री विसरलो म्हणून दुपारी परत आलो होतो. जिन्यातूनच ऐकलं आणि मध्ये यायला नको म्हणून तसाच परतलो. तुम्ही मुलीला पुढून सांगत होता ना? फार बरं वाटलं हो. आमच्या घरात कुणी कुणासाठी एवढं करत नाही."

"किती वाजता?" मी विचारलं.

"तीनच्या सुमाराला."

तीन वाजता मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते. मी त्याला छत्री दिली आणि उद्या वेळेवर या म्हणून सांगितलं.

५

मी अशी घाबरणारी बाई नाही. मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. बयोची नव्हे, त्या कुजबुजीची.

बयोला सगळ्या जुन्या कविता पाठ. पाठ असलेलं मनात आधी उमटतं आणि ऐकू आल्यासारखं वाटतं, हे शक्य आहे. माझ्या कानालाही तिची सवय लागून भास होत असेल, हेही मी कबूल करायला तयार होते, जरी ते माझ्या नाकाला झोंबणारं होतं. म्हणून मी स्वतः नवी रचना केली. कुणी वाचलेली नाही, कुणाला दाखवलेली नाही. तीन ओळी झाल्या आणि चौथी काही केल्या सुचेना. सुचेना तर सुचेना. तीन ओळींचा कागद मी बयोपुढे ठेवला आणि म्हटलं, "पहिल्यांदाच बघते आहेस. म्हण." मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले, ओठ घट्ट मिटून.

तिनं म्हटलं:

येतो वारा, हळुच उघडी, दार माझे घराचे
जाते कोठे, न कळत मला, सावली पावलांची
मागे पाहे, परत न कुणी, फक्त खुर्ची रिकामी

प्रत्येक स्वल्पविरामावर ती थांबली. प्रत्येक थांबण्यात कुजबूज आधी आली. माझ्या कागदावरचे शब्द, जे त्या घडीपर्यंत फक्त मला माहीत होते, ते बयोच्या आधी खोलीत होते.

तिसरी ओळ संपली. कागद संपला. बयो थांबली, मान जराशी डावीकडे कलली, आणि ती पुढे म्हणाली:

माझ्याआधी, उमटत असे, शब्द माझा कुणाचा

मी कागद हातात घेऊन उलटून पाहिला.

"ही ओळ कागदावर नाहीये," मी म्हटलं.

"हो, पण तू पुढून सांगितलीस ना," बयो म्हणाली. "मला वाटलं, लिहायची राहिली."

मी मनातल्या मनात बोटांनी मोजलं. चार, सहा, सात. कुठेही ओरखडा नाही. आणि तो चरण माझ्या तिन्ही चरणांपेक्षा चांगला होता. हे लिहितानाही माझ्या जिवावर येतं. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्या आधी हेवा वाटला.

६

बयोनं पाठासाठी विषय घेतला होता: मंदाक्रांता आणि तिच्यातली उपमा-रूपकं. ती माझ्यासमोर सराव करायची आणि मी समिती होऊन बसायचे.

"उपमेत दोन वस्तू दोन खोल्यांत असतात," ती समजावत होती. "मध्ये दार असतं, आणि 'सारखा', 'जणू' हे शब्द म्हणजे त्या दाराची कडी. कवी म्हणतो, वारा जणू कुणी माणूस आहे. कडी लावलेली आहे, वारा वारा आहे, माणूस माणूस आहे. रूपकात कवी कडी काढतो. 'जणू' नाहीसं होतं. मग जो पलीकडे होता तो इकडे आलेला असतो."

उदाहरण उत्तम होतं. मी वहीत 'छान' असं लिहिलं, आणि माझंच वाक्य मला आठवलं. असं समज, कुणीतरी तुझ्या आधी म्हणतंय. समज. हा शब्द मी तिला दिला होता. तो तिनं केव्हा काढून टाकला? की तिनं नव्हेच काढला?

संध्याकाळी जेवताना बयो भराभर बोलत होती. समितीत कोण आहे, कुठली साडी नेसायची, वाक्यामागून वाक्य. एवढी वर्षं ज्या आवाजासाठी आम्ही दोघं झुरलो तो घरभर वाहत होता. ती उठून गेल्यावर आमचे हे ताटावर बोट फिरवत बसले.

"अगं, एक विचारू?" ते म्हणाले. "ती कुणाचं ऐकते गं?"

"म्हणजे?"

"मला ऐकू येत नाही, म्हणून मी तोंडं बघतो. बोलायच्या आधी दर वेळी ती मान डावीकडे करते. तिच्या डावीकडची खुर्ची रिकामी असते. थांबते, ऐकते, मग बोलते. तुला दिसलं नाही?"

दिसलं असूनही मी पाहिलं नव्हतं. मी नुसती ऐकत होते.

"तिला सांगायला हवं," ते म्हणाले.

"पाठ होऊ दे," मी म्हटलं. "चार दिवस राहिलेत."

"आणि नंतर?"

"नंतर सांगू."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली आहेत, त्यामुळे त्यांना बोलावं लागलं नाही. मला जागा हवी होती. माझ्या वडिलांच्या खुर्चीवर माझी लेक हवी होती आणि जे तिला 'टाइपरायटर' म्हणाले त्यांना ते ऐकवायचं होतं. त्यासाठी आवाज कुणाचाही असता तरी मी चार दिवस चालवून घेतला असता. तसंच झालं.

७

पाठ सकाळी अकराला होता, संस्थेच्या मोठ्या वर्गात. थंडी कडक होती, खिडक्या-दारं बंद. पुढच्या बाकावर मुख्याध्यापिका, तिच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. मागे माझे जुने विद्यार्थी दाटीवाटीनं बसलेले. मी सगळ्यांत शेवटच्या बाकावर दारापाशी बसले. दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा आहे. पलीकडे पॅसेज, समोरच्या भिंतीवर सूचनाफलक.

बयो फळ्यापाशी उभी राहिली. फिकट निळी साडी, केस घट्ट बांधलेले. तिनं वर्गावर नजर फिरवली, अगदी माझे वडील फिरवत तशी, आणि बोलायला लागली.

काय सांगू. पोरीनं वर्ग मुठीत धरला. लघु-गुरू टेबलावर वाजवून दाखवले, सगळ्यांना वाजवायला लावले. चाळीस हात पडले, चाळीस हात वर गेले. दारांची, कड्यांची उपमा सांगितली तेव्हा मुख्याध्यापिकेनं वहीत काहीतरी उतरवून घेतलं. ती बाई कधी काही उतरवून घेत नाही. माझी छाती फुगून आली. वडील असते तर, असं मनात आलं.

तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी दिसलं.

दाराच्या काचेवर वाफेचा एक ठिपका होता, माझ्या तोंडाच्या उंचीवर. थंडीत काचेजवळ तोंड नेऊन कुणी श्वास सोडला की उमटतो तसा. तो बाहेरच्या बाजूनं होता. मी पाहत असतानाच तो आक्रसत गेला आणि पुसला गेला. बयो एका ओळीच्या मध्ये थांबली, हात वर, आणि तो पुन्हा उमटला. तिनं शब्द म्हटले. ठिपका विरला. यती. ठिपका.

काच बाकी स्वच्छ होती. तिच्यातून पूर्ण पॅसेज दिसत होता. फलक, त्यावरचे कागद, टाचण्या. कुणी नव्हतं.

श्वास नाही म्हणून मी इतके दिवस धीर धरला होता. आता श्वास होता, म्हणजे तो धीरही गेला. मी हात पुढे केला आणि तळवा त्या जागी टेकवला. बाकीची काच बर्फासारखी होती. तेवढी जागा कोमट होती.

"मला एक शंका आहे," पाहुणे परीक्षक म्हणत होते. "मुळात थांबायचं कशाला? कवीनं यती पाळली नाही तर बिघडतं काय?"

हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. बयोनं मान डावीकडे कलवली, अगदी थोडी. माझ्या तळव्याखाली काच गरम झाली.

"थांबलं नाही," बयो म्हणाली, "तर पुढचा शब्द कुठून येतो ते कळत नाही."

 मग पाहुण्यांनी टाळी वाजवली आणि मागून सगळ्यांनी.

८

जागा तिला मिळाली. मुख्याध्यापिकेनं तिथल्या तिथे सांगितलं. दुपारी घरी आम्ही तिघं वरच्या खोलीत बसलो. ह्यांनी स्वतः चहा केला, म्हणजे तो कसा असेल ते ओळखा, पण आम्ही तो प्यायलो. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. बयो बोलत होती, हसत होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर हटवली नाही.

मग मी सांगितलं. भाजीच्या दिवसापासून, सगळं. काचेचंही. सांगताना माझा आवाज चांगलाच होता, याचाही मला तेव्हा अभिमान वाटला. माणूस काय असतं पाहा.

बयोनं मध्ये एकदाही टोकलं नाही. झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे इतके दिवस तू नव्हतीस?"

"पहिले दोन महिने मी होते."

"मग कोण?"

"मला माहीत नाही, बयो."

ती टेबलाच्या गुळगुळीत कडेवर हात फिरवत राहिली. "मग आजचा पाठ कुणी दिला?"

"तू दिलास."

"खरं सांग, आई."

मी चहाचे कप गोळा करायला लागले. 

ती उठून खोलीच्या मधोमध उभी राहिली. "मला ती जागा अशी नको," ती म्हणाली. हे वाक्य ती मान कलवून म्हणाली, आणि तिच्या ते लक्षात आलं. तिनं दोन्ही हातांनी स्वतःची हनुवटी धरून मान सरळ केली. "मी आता थांबणार नाही. ऐकणार नाही. जसं येईल तसं बोलीन."

आणि ती अडली.

"आ," ती म्हणाली. "आ... आ..." मानेवरची शीर फुगली. डोळे मिटले गेले. लहानपणी व्हायची तशीच कानाची पाळी लाल झाली. ह्यांनी माझा हात धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ही माझी लेक होती. हे अडणं तिचं होतं, तिच्या घशातलं, कुणी उसनं दिलेलं नव्हतं. सकाळच्या सगळ्या टाळ्यांपेक्षा या एका अक्षराचा मला जास्त अभिमान वाटला. उद्या मुख्याध्यापिकेकडे जाऊन मीच सांगणार होते की माझी लेक तोतरी आहे आणि ती अशीच शिकवेल.

"आ-आ-आई," तिनं एकदाचं म्हटलं. घामानं डबडबली होती आणि हसत होती. "ऐ-ऐकलंस? हे मा-माझं आहे ना?"

मी ऐकलं होतं. माझा कान चुकत नाही.

तिच्या पहिल्या 'आ'च्या अर्धी मात्रा आधी एक 'आ' आला होता. दुसऱ्याच्या आधी दुसरा. जिथे तिची जीभ अडली तिथे ती कुजबूज आधी अडली होती. 'माझं'चा 'मा' सुद्धा दोनदा, आधी तिकडे, मग इकडे. तिला ते ऐकू आलं नव्हतं. मान सरळ होती. ती माझ्याकडे पाहत उभी होती, उत्तराची वाट बघत.

मला खरं सांगायचं होतं. एवढं सगळं सांगितल्यावर आता खोटं बोलायचं नव्हतं. बोलण्याआधी मी थांबले, जन्मभराची सवय. त्या थांबण्यात, अगदी माझ्या डाव्या कानाशी, कुणीतरी हलकेच म्हणालं, "हो, तुझंच आहे."

मग मी तेच म्हणाले.